चांदीचं पाणी

मलकापूरच्या रंगूबाईची जीभ तिखट, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. पण सख्ख्या भाच्याच्या मुळावर ती उठेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

सुरुवात तिच्याच पायापासून झाली. गुऱ्हाळावर उकळता रस सांडून पाय भाजला, तेव्हा डॉक्टरांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, नवी कातडी धरली. ते बघून तिच्या भावाचा धनाजी म्हणाला, "आत्या, वरनं लावून एवढा गुण, मग पोटात घेतल्यावर किती यील!" आणि तो 'नॅनो चांदीचं पाणी' विकायला बसला. गुडघे, दमा, साखर, सगळ्यावर तीच बाटली.

रंगूबाईचा नवरा नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन आलेला. तो रोज सकाळी न चुकता ते पाणी प्यायचा. "आवं, पट्टी येगळी आन् प्याचं येगळं," ती ओरडायची. तो ऐकायचा नाही. वर्ष-दीड वर्षात नखं निळसर पडली, मग हिरड्या, मग तोंड पाटीसारखं राखाडी झालं. एस्टीत माणसं शेजारून उठायला लागली.

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "चांदी कातडीत साठलीय. पाणी आजपासून बंद. पण रंग बहुतेक जायचा नाही."

रंगूबाईनं परतीची रिक्षा थेट धनाजीच्या दुकानापुढं उभी केली. नाथाजी टॉवेलात तोंड लपवून बसून राहिला.

"उतरा! गोळीला भ्याला न्हाईसा, आन् आता लपताय?"

तो उतरला. तिनं टॉवेल ओढला. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"बघ धना, तुज्या आतोबाचं त्वांड!"

"जास्त घेतलं आसंल त्येंनी. माजा काय दोष? आत्या, घरी बोलू."

"कितीबी प्या म्हनून तूच सांगितलंस! माज्या उंबऱ्याला पाय लावलास तर तंगडं मोडीन."

एका बाईनं हातातली बाटली हळूच फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी रंगूबाईनं औषध खात्यात तक्रार दिली. माल जप्त झाला. भाऊ दारात येऊन शिव्या देऊन गेला, माहेर तुटलं. धनाजीनं सांगलीत नव्या नावानं तोच धंदा मांडल्याचं कळलं, तेव्हा ती नवऱ्याला घेऊन तिथंही गेली.

आणि नवऱ्यावरचा राग? तोही तिनं सोडला नाही. रोज भाकरी वाढताना त्याला ऐकवायची, "माजं ऐकलं आस्तं तर!" नाथाजी मान खाली घालून जेवायचा.