रेघ मारलेली नावं

प्रार्थनेला बसण्याआधी बाई डोळ्यांवरचा चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या, मांडीवर ठेवायच्या आणि मग डोळे मिटायच्या. डोळे मिटायचेच होते तर चष्मा पुसायचा कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "भाऊ, मोठ्या माणसायची नावं घ्यायची असतात. घाई करू नाही."

मिशनच्या दवाखान्यातली अशी एखादी नर्सबाई तुम्हीही पाहिली असेल. पांढरं लुगडं, पायात जाड वहाणा, आणि आसपासच्या तीन-चार गावांची बाळंतपणं एकटीच्या जिवावर. आमचं गाव मोताळ्यापासून पाचेक मैल. तिथे ख्रिस्ती माणसं म्हणजे बाई, कंपाउंडर, त्याची बायको आणि लेकरं. रविवारी दवाखान्याच्या ओसरीवर एवढीच मंडळी बसायची आणि बाई राज्य चालवणाऱ्यांसाठी प्रार्थना करायच्या. दिल्लीपासून सुरुवात, मग मुंबई, मग कलेक्टर, तहसीलदार, पंचायत समितीचे सभापती, आणि शेवटी आमचा सरपंच. प्रत्येकाचं नाव घेऊन. नुसता हुद्दा चालत नसे. "खुर्चीसाठी काय मागू? खुर्चीले जीव असते का?"

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आमचा वऱ्हाड आधी नागपूरकडे बघायचा, आता मुंबईकडे बघायला शिकत होता. खुर्च्यांवरची माणसं सारखी बदलायची आणि बाईंची पंचाईत व्हायची. म्हणून शनिवारी त्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत यायच्या. मी तिथला कारकून, गावात पेपर माझ्याकडेच यायचा. "भाऊ, कोणी बदललं का?" असं त्या विचारायच्या. बदललं असेल तर मी त्यांच्या कागदावर नवं नाव लिहून द्यायचो, आणि जुन्या नावावर त्या रेघ मारायच्या. माझं अक्षर गावात सगळ्यात सुरेख होतं. आपल्या तोंडाने सांगू नये, पण सांगतो.

आमच्या सभापतीने दवाखान्याचा रस्ता दोन वर्षं अडवून धरला होता. "त्याच्यासाठी काय मागता, बाई?" मी चिडवायला म्हणालो.

"त्याले झोप चांगली लागो म्हणते. झोप झालेला माणूस तिरसट नसते." मग म्हणाल्या, "खुर्चीवरल्या माणसाले खरं सांगणारं कोणी नसते, भाऊ. म्हणून देवाच्या कानावर घालायचं."

आमचे जुने सरपंच वावरात साप चावून गेले. पुढच्या शनिवारी बाईंनी त्यांच्या नावावर रेघ मारली, मी खाली नव्या सरपंचाचं नाव लिहिलं. तेव्हापासून पारावर कुजबुज सुरू झाली की बाई ज्याचं नाव घेते त्याचं काही खरं नाही. मी हसण्यावारी नेलं. तरी त्यानंतर बाई आल्या की मी आधी दाराबाहेर डोकावून बघायचो आणि मगच पेन काढायचो.

भाद्रपदात नव्या सरपंचाला मुदतीचा ताप आला. बारा दिवस झाले तरी उतरेना. बाई सकाळ-संध्याकाळ जाऊन सुई टोचून यायच्या. अशाच एका सकाळी मीही कागदांवर सह्या घ्यायला तिथे गेलो होतो. बाईंनी पिशवीतून सुईची डबी काढली आणि तिच्यासोबत तो नावांचा कागद खाली पडला. सरपंचाच्या धाकट्या भावाने तो उचलला आणि मोठ्याने वाचायला लागला.

"हा तहसीलदार. रेघ. बदलून गेला. हा सभापती. रेघ. इलेक्शनात पडला." मग तो खाटेकडे वळला. "हे जुने सरपंच. रेघ. आन् त्यायच्या खाली, दादा, तुह्यं नाव हाय."

सरपंच खाटेवर उठून बसला. "माह्यं नाव काऊन हाय यात?"

"दर रविवारी घेते मी," बाई म्हणाल्या.

"काय मागता माह्यासाठी?"

आयुष्य मागते, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण बाईंना खोटं बोलता येत नसे. त्या म्हणाल्या, "बौद्ध वस्तीतल्या विहिरीचा कागद तुमच्यापाशी अडकला हाय. त्याच्यावर तुमची सही व्हावी, आन् तुमच्या मनातलं भेव जावं, असं मागते."

भेव कोणाचं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीला आडवे येणारे सरपंचाच्या भावकीतलेच होते, आणि त्यांचा म्होरक्या हा भाऊच, कागद हातात धरून उभा. त्याने माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि बाईंपुढे धरलं. "काटा हे नाव. आत्ताच काटा."

तेवढ्यात दारातून सरपंचाची आई ओरडली, "काटू नोको वं माय. ज्याचं काटलं तो गेला."

तुम्हाला हसू येईल. नाव राहू द्यावं तर माणूस यादीत, काटावं तर माणूस जाणार. पण तेव्हा कोणी हसलं नाही. अंगणात माणसं जमली होती आणि दोघा-तिघांच्या हातात काठ्या होत्या.

"आन् हे लिहिलं कोणं?" सरपंचाचा भाऊ म्हणाला. "हे अक्षर बाईचं नाही."

मी एवढंच बोलायचं होतं की मी लिहिलं, ही बदल्यांची यादी आहे, पेपरातून उतरवून देतो. दोन वाक्यं. मी हातातले सह्यांचे कागद चाळायला लागलो. मला भीती वाटली हो. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी मागितलं म्हणून कोणी लिहून देलं. त्याचा काही गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "आन् जो खुर्चीवर हाय त्याचं नाव मी काटत नसते. पाटील, हात इकडे करा."

सरपंचाने हात पुढे केला. बाईंनी सुई टोचली, डबी पिशवीत ठेवली आणि काठीवाल्यांच्या मधून सावकाश चालत निघून गेल्या.

ताप चार दिवसांनी उतरला. तरीही सरपंचाचा भाऊ दवाखान्यात जाऊन सांगून आला, बाई गावात राहिली तर दवाखाना राहणार नाही. सरपंच बरा झाला, पण भावापुढे बोलायची हिंमत त्याला झाली नाही. विहिरीचा कागद सहीवाचून माझ्या कपाटातच पडून राहिला. मिशनवाल्यांनी बाईंना माघारी बोलावलं.

सोमवारी त्या मलकापूरच्या एसटीने गेल्या. मी स्टँडवर गेलो होतो, पण पानठेल्याच्या आडोशाला उभा राहिलो. गाडी हलल्यावर कंपाउंडर परत फिरला आणि त्याने मला पाहिलं.

"काल बाईनं तुमचं नाव घेतलं," तो म्हणाला.

"माझं?"

"हाव. सरपंचाच्या मांगून."

"काय मागितलं माझ्यासाठी?"

"काहीच नाही मागितलं. नाव घेतलं, आन् मंग लय वेळ गप्पच बसल्या. आमाले समजेना, आमेन म्हणावं का नाही."