ट्रेनिंग बाकी असलेला माणूस

मित्रहो, आज सकाळी मुलगी लॅपटॉपवर तिच्या कंपनीत ट्रेनिंग अपूर्ण राहिलेल्यांची नावं काढत होती. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी बालाघाटकडच्या एका मँगनीज खाणीच्या ऑफिसात होतो. नवा कॉम्प्युटर आला होता. सुरक्षेचं ट्रेनिंग पूर्ण केल्याची तारीख ज्यांच्या नावापुढे नाही ते कोण, एवढंच मी मशीनला विचारलं. नावं आली. शिपायानं घरोघरी नोटिसा दिल्या.

त्यात देवाजी होता. ट्रेनिंग अर्धं झालं असताना तो वर्षभरापूर्वी एका संध्याकाळी जंगलाच्या वाटेनं घरी निघाला आणि पोचलाच नाही. प्रेतही सापडलं नाही, म्हणून ऑफिसात त्याचं नाव तसंच राहिलं.

नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या सकाळी त्याची बायको त्याचे घरी पडून असलेले बूट घेऊन आली.

"सायेब, कुठी हायेत हे? ट्रेनिंगले बलावलं न त्याइले?"

"अवो बाई, मशीननं नाव काढलं फक्त," आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले.

"मंग मशीनले कोनं सांगतलं, ते हायेत म्हनून?"

ती ट्रेनिंगच्या खोलीबाहेर बसली. सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तिनं पाहिलं.

पुढच्या वेळी देवाजीला वगळायची अट घाल, असं बडेबाबूंनी मला सांगितलं. तिनं ते ऐकलं.

"नाव काटू नका, बाबूजी. तुमी बलावता तं वाटते, मी एकलीच नाही वाट पाहत."

मी अट घातली नाही. दर वेळी नोटीस गेली. दर वेळी ती आली.

तुम्ही घातली असती?