माझ्या फोनवर आलेला मनीषाचा मेसेज

हे मी आईलासुद्धा बोललेले नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. पण आता आत ठेववत नाही.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. लग्नानंतर इकडे आले, पिरंगुटच्या कंपनीत पॅकिंगला लागले. घोटावड्यात खोली. तिथल्या वाचनालयात दोन कॉम्प्युटर आहेत, कुणीही बसावं, फुकट. ग्रंथपाल मॅडमनी माझा हात धरून मला माउस फिरवायला शिकवलं. इतक्या मायेनं मला कुणी काही शिकवलं नव्हतं. एकदा त्यांनी सहज विचारलं, किती शिकलीस? मी म्हणाले — दहावी पास.

का म्हणाले? त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. मग त्यांनी मला दर रविवारी लोकांचे फॉर्म भरायला बसवलं. इंग्रजी रकाने मी जागेवरून ओळखायचे — इथे नाव, इथे जन्मतारीख. वाचत नव्हते.

शेवंतामावशी घोटावड्याच्याच. मुलीला, मनीषाला, नर्सिंगला घालायचं होतं. घरातला एकच फोन, तो मुलगा कामावर न्यायचा. म्हणून मोबाइलच्या रकान्यात मी माझा नंबर टाकला. कितीजणींचं आम्ही तसंच करायचो. मावशी म्हणाल्या, "तुज्या हातनं गेलाय फारम, आता मला घोर न्हाई."

पुढच्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, मेसेज आला. इंग्रजीत. अक्षर लावून लावून मनीषाचं नाव वाचलं. एक तारीख कळली — सोमवारची. बाकी काही नाही. कुणाला तरी दाखवायचा, एवढंच काम होतं ना? मॅडमना फोन केला असता तर त्या म्हणाल्या असत्या, वाच बरं काय लिहिलंय. मग?

मी मनाशी म्हटलं, फॉर्म पोचल्याचा असेल. खरंच तसं वाटलं होतं का? तसं वाटलं असतं तर रविवारी गेले असते. मी ताप आल्याचं कळवून घरी बसले.

नर्सिंगच्या प्रवेशाच्या यादीत मनीषा नव्हती. मॅडमनी कॉम्प्युटरवर पाहिलं — जातीचा दाखला धूसर चढला होता, पुन्हा मागवला होता, मुदत उलटली होती. त्यांनी मला विचारलं, मेसेज आला होता का गं? मी नाही म्हणाले. यादी लागल्याचं कळलं, त्याच सकाळी बसमध्ये मी तो पुसला होता.

मॅडमनी मावशींपुढे हात जोडले. "चूक आमची, मावशी. वाचनालयाची."

"तुमी कशाला हात जोडताय," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून — "आन् तू जिवाला लावून घिऊ नको. तू लई केलंस आमच्यासाटी."

मी ते ऐकून घेतलं.

मनीषा आता आमच्याच लाइनीवर खोकी बंद करते. मला ताई म्हणते. आणि मॅडम फॉर्म भरायला येणाऱ्या प्रत्येकाला अजून सांगतात — नंबर घरचाच द्या, आमच्याकडून एकदा एका मुलीचं नुकसान झालंय.

त्यांच्याकडून झालेलं नाही. मी केलंय.