खाली कोणी आहे का?

भूत, बाधा, लागीर असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. बायकोने दाराला बांधलेलं लिंबू-मिरची मी खुशाल तोडून टाकायचो आणि वर तिची बोलणी खायचो. तोच मी आता हे लिहायला बसलोय म्हणून घरात हसताहेत... हसू दे.

गोष्ट भिलाईची, ऐंशीच्या दशकातली. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. रिसालीत राहायचो. बाबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. "आ... आ..." एवढंच. हॉस्पिटलात न्यायचं तर सायकलरिक्षात दोन्ही बाजूंनी धरून बसवावं लागे. एकदा वळणावर हातातून निसटून ते रस्त्यावर पडले. त्या दिवशी मी ठरवलं, जुनी का होईना, कार घ्यायची.

पॉवर हाऊसजवळ एकजण जुन्या गाड्या विकायचा. त्याच्याकडची पांढरी अँबॅसिडर पसंत पडली. तपासायला मेहुणा सुधाकर सोबत होता. बाबाही हट्टाने आले आणि मागच्या सीटवर असे ऐसपैस बसले की जणू गाडी घेऊन झालीच!

इथे एक सांगायला हवं. बाबा, मी, सुधाकर, तिघंही स्टील प्लांटच्या एकाच शॉपमधले, म्हणजे एकाच विभागातले. आमच्याकडे आवाज इतका की हाक ऐकूच येत नाही. म्हणून मशीन सुरू करण्याआधी तिच्या अंगावर तीनदा ठोकायचं. खाली कोणी काम करत असेल तर तो उलट ठोकतो. उत्तर आलं की बटनापासून हात मागे. ही सवय बाबांनीच आम्हा दोघांना लावली होती, शिव्या घालून.

सुधाकर पोतं अंथरून गाडीखाली शिरला, बघून बाहेर आला. "स्प्रिंगचे पाटे चांगले आहेत भाऊजी. आता चालू करून पाहा, आवाज पाहू." आणि हात धुवायला मागच्या नळावर गेला.

मी स्टिअरिंगवर बसलो. चावी लावली आणि सवयीने दारावर तीनदा ठोकलं.

खालून उत्तर आलं. ठक्, ठक्, ठक्. माझ्या तळपायांना जाणवलं.

"अबे सुधाकर, पुन्हा काहून घुसला? निघ ना बाहेर!" मी हसत ओरडलो.

"मी इकडे आहो ना भाऊजी!" आवाज नळावरून आला.

मी उतरून वाकून पाहिलं. खाली नुसतं पोतं. उन्हाचे दिवस, लख्ख दुपार, सगळं स्पष्ट दिसत होतं. तापलेला पत्रा वाजतो, हे मलाही कळतं. पण गाडी शेडमध्ये उभी होती आणि इंजिन सकाळपासून चालूच केलेलं नव्हतं.

परत बसलो. या वेळी दोनदाच ठोकलं... मुद्दाम.

उत्तर दोनदाच आलं.

आणि मग मी न ठोकताच खालून ठोकणं सुरू झालं. भराभर, वेडंवाकडं, कुणीतरी अडकलंय आणि त्याला कळलंय की वर माणूस बसलाय, तसं. डीलर खिडकीशी आला. "कुछ नहीं है साब, स्टार्ट करो," म्हणत त्याने स्वतःच आत हात घालून चावी धरली.

तेवढ्यात मागून माझी कॉलर घट्ट आवळली गेली.

"चालू नको करू. खाली मानूस हाये."

बाबा बोलले होते. स्वच्छ, शॉपमध्ये बोलायचे त्या आवाजात.

मी डीलरचा हात झटकून चावी उपसली. ठोकणं थांबलं. सुधाकर धावत आला, शेवटचं ठोकणं त्यानेही ऐकलं होतं; बाबांना दोघांनी उचलून बाहेर काढलं. डीलरने आम्हाला अडवलं नाही, काही विचारलं नाही. आणि एवढं होऊनही त्याने एकदाही खाली वाकून पाहिलं नाही. मला आजही सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

त्यानंतर बाबांना एकच वाक्य बोलता यायचं. संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो की खाटेवरून विचारायचे, "निघाला का तो?"

"निघाला, बाबा," मी म्हणायचो. मग ते डोळे मिटायचे. गेले तेही याच समाधानात.

डॉक्टर म्हणाले, धक्क्याने कधी कधी वाचा येते. येत असेल. ठोकण्याचं काय, ते मात्र कोणी सांगू शकलं नाही आणि मलाही कळलेलं नाही. काही दिवसांनी मी त्या रस्त्याने गेलो तर गाडी तिथे नव्हती. विकली गेली, म्हणाले.

ज्याने घेतली, तो आमच्या शॉपचा नसणार. त्याने ठोकलं नसेल... सरळ चावी फिरवली असेल.