आत्याबाईंचा सरळ प्रश्न

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात एका संशोधक बाईंना सगळे आत्याबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. लग्नघरात सगळ्यांच्या चुका काढत फिरणारी एक आत्या असते ना, तशी ही विभागाच्या वाट्याला आली होती.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माणसं जीव का देतात आणि त्यांना वेळेवर कसं थोपवायचं, यावर तिथं वर्षानुवर्षं संशोधन चालू होतं. नोकरी गेलेले, एकटे पडलेले, आजारानं खचलेले, अशा लोकांत आत्याबाई हिंडायच्या. त्यांचं म्हणणं एकच: शंका आली की सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं खूळ शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं एकदाचं, म्हणून माणूस मोकळा होतो. अभ्यासात हे पुन्हा पुन्हा दिसलेलं, पण लोकांच्या गळी उतरेल तर शपथ! न्हावी, औषधांचे दुकानदार, वसतिगृहांचे रखवालदार, सगळ्यांना समोर बसवून आत्याबाई हा प्रश्न घोटून घ्यायच्या. विचारताना कुणाची नजर खाली गेली की त्याची धडगत नसे. "जमिनीला विचारताय का? ती नाही जीव देणार!"

विभागप्रमुखांची तऱ्हाच वेगळी. त्यांना 'मानसिक लवचिकता' हा शब्द सापडला होता आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. प्रत्येक भाषणात खिशातून रबरबँड काढायचा, ताणायचा, सोडायचा. "बघा, पुन्हा मूळ आकारात!" की टाळ्या. मागच्या रांगेतून आत्याबाई पुटपुटायच्या, "तुटतो म्हणावं रबर, कधी दप्तराला बांधला नाही वाटतं यांनी." याच गृहस्थांनी एकदा प्रश्नावलीतला सरळ प्रश्न काढून तिथं 'जीवनविषयक उत्साहात न्यूनता जाणवते काय?' असं घुसडलं. आत्याबाईंनी भर बैठकीत विचारलं, "सर, उद्या तुमच्या पोटात कळ आली तर डॉक्टरांनी 'उदरप्रदेशी क्लेश संभवतो काय' असं विचारायचं का?" कारकुनालाही हसू आवरेना. प्रश्न मुकाट्यानं जागेवर आला.

घरी आत्याबाईंचा थोरला भाऊ, म्हणजे दादा. दोघंही बिनलग्नाची, खाली ती, वर तो. दादा गाडी चालवायला शिकवायचा. अर्ध्या गावाच्या पायाला त्यानं ब्रेक कुठं असतो ते कळवलं होतं. आत्याबाईंची प्रत्येक नवी प्रश्नावली पहिल्यांदा त्याच्यावर चालायची. संध्याकाळी चहा घेऊन तो बसायचा आणि टर उडवायचा. "हा प्रश्न आधीच्याचाच जुळा भाऊ आहे बघ. आणि इथं 'कधीकधी' म्हटलं तर तू मला वेड्यात काढणार, 'क्वचित' म्हटलं तर सोडणार, बरोबर ना?" आत्याबाई चिडायच्या, पण तो म्हणतो ते बदल करायच्या. होता होता कुठल्या उत्तराला धोक्याची घंटा वाजते आणि कुठल्या उत्तरानं सुटका होते, हे दादाला तोंडपाठ झालं. एवढ्या शिकल्यासवरलेल्या बाईंना यात काही वावगं दिसलं नाही.

मग दादाला काचबिंदू निघाला. कडेचं दिसेना, परवाना गेला, शिकवणीची गाडी विकावी लागली. पहिले काही महिने तो सगळ्यांवर खेकसत होता. नंतर एकदम शांत झाला. आपलं चामडी जाकीट, हत्यारांची पेटी, चांगला रेडिओ, सगळं वाटून टाकलं. आत्याबाईंना पाण्याचा पंप कसा चालू करायचा ते शिकवलं, घराचे कागद कुठं आहेत ते दाखवलं. आणि आत्याबाईंनी काय करावं? त्या हुरळल्या! "दादा सावरला हो माझा," असं शेजारपाजारी सांगत सुटल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण एका परिषदेत व्यासपीठावर उभं राहून त्यांनी सांगितलं, "माझ्या भावाचं काम गेलं, नजर चालली, तरी बघा कसा खंबीर आहे." प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनी त्या घेतल्या. वस्तू वाटून टाकणं, अचानक शांत होणं, ही लक्षणं त्या स्वतः न्हाव्यांना शिकवत होत्या! पण ती लोकांच्या भावांची. आपला भाऊ म्हणजे काय, आपला भाऊ.

नोकरी सुटलेल्या प्रौढांसाठी नवी प्रश्नावली तयार झाली, तेव्हा रविवारी सकाळी त्या सवयीनं वर गेल्या. दादा खिडकीशी बसला होता. खोली लख्ख आवरलेली. त्या वाचत गेल्या, तो उत्तरं देत गेला. टर नाही, टोमणा नाही. झोप? उत्तम. भूक? उत्तम. उद्याची काळजी? मुळीच नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. बेरीज करताना आत्याबाईंचं पेन अडलं. जगात इतकं सुखी कुणीच नसतं. त्यांनी स्वतः भरली तेव्हा त्यांचीसुद्धा बेरीज याहून वाईट आली होती, आणि त्यांना ना काचबिंदू ना बेकारी. नुसते विभागप्रमुख!

त्यांना एकदम उमगलं. हा माणूस पाठ केलेलं म्हणून दाखवतोय, आणि पाठ आपणच करून घेतलंय.

कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारायला तोंड उघडलं. चारचौघांत तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, पंप नीट चालतोय म्हणाली. पडदे धुवायला काढू म्हणाली. शेवटी फरशीकडे बघत एकदाचं म्हणाली, "दादा, तुला... म्हणजे तसं काही... नाही ना रे?"

"नाही गं," दादा म्हणाला.

झालं. असा प्रश्न विचारला की असंच उत्तर येतं. 'नाही ना' म्हणून विचारणाऱ्याला 'नाही'च ऐकायचं असतं, हे त्या किती जणांना ओरडून सांगत आल्या होत्या. त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली की त्या तिरमिरीतच त्यांनी खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"दादा, तुला जीव द्यावासा वाटतो का?"

दादानं नजर खिडकीबाहेर वळवली. मग म्हणाला, "हो."

"काही जमवून ठेवलंयस?"

"हो."

"ते मला दे."

त्यानं उठून कपाटातून काढून दिलं. आत्याबाईंनी ते खाली शेजारणीकडे नेऊन दिलं आणि म्हणाल्या, "हे परत मागायला आम्हा दोघांपैकी कुणीही आलं तरी देऊ नका." शेजारीण दादाशेजारी येऊन बसली तेव्हा कुठं त्यांनी इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता घेऊन या, एकटं सोडू नका." जन्मभर दुसऱ्यांना पुढच्या सीटवर बसवणारा दादा टॅक्सीत मागं बसला. आत्याबाईंनी त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. समजूत घालायची सगळी वाक्यं त्यांना येत होती. त्यांनीच तर लिहिली होती.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दादाच बोलला. "मला वाटलं, हिला कळलंय. हिला नाही कळणार तर कुणाला? मी वस्तू वाटत होतो, तू बघत होतीस. रोज वाट बघायचो, आज विचारेल, उद्या विचारेल. तू विचारलंच नाहीस. म्हटलं, हिला सगळं माहीत आहे आणि हिची हरकत नाही."

"हरकत आहे!" आत्याबाई इतक्या जोरात ओरडल्या की टॅक्सीवाल्यानं दचकून मागं बघितलं. "हरकत आहे माझी, गाढवा! आहे हरकत!"

"मग सांगायचंस ना गं," दादा म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.