चारुदत्तरावांची हाक

शकुनताई बेहेऱ्यांनी डमडममधल्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि त्यातला निम्मा जन्म तरी नामांवर घालवला. क्रियापदं, काळ वगैरे सगळं मागाहून. आधी नाव. वर्गात बोट दाखवून ‘मिस, दॅट थिंग’ म्हणणाऱ्या पोराला त्या खाली बसू देत नसत. ‘थिंगला नाव आहे. तुला कोणी दॅट बॉय म्हटलं तर आवडेल?’ बंगाली मुलं घरी ‘गुलो’ लावून ‘फर्निचरगुलो’ असं अनेकवचन करतात, म्हणून इंग्रजीतही बिनदिक्कत ‘फर्निचर्स’ लिहायची. त्यावर ताईंचं ठरलेलं: ‘फर्निचर मोजायचं नाही, खुर्च्या मोजा. पाणी मोजायचं नाही, पेले मोजा.’ नाम वाक्यात काय काम करतं हे सांगायला त्या एका मुलीला उभं करत. तीच मुलगी कधी खडू फेकणारी, म्हणजे कर्ता. कधी खडू अंगावर घेणारी, म्हणजे कर्म. कधी नुसतीच ‘मुलीच्या मागे’ मधली मुलगी. ‘मुलगी तीच. जागा बदलली, काम बदललं. जागा बघा, जागा!’ ज्यांना कळलं ते जन्मात विसरले नाहीत. ज्यांना नाही कळलं त्यांनी निदान खडू तरी खाल्ला.

आणि अशा या बाईला तिच्या नवऱ्याने कधी नावाने हाक मारली नाही.

यात विशेष काही नव्हतं. त्या पिढीत ही रीतच होती. चारुदत्तरावांनी लग्नात बायकांनी अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा ‘शकुन’ म्हटलं, तेही पुटपुटत, आणि पुढे कायम ‘अगं’. ताईंच्या बाजूने ‘अहो’. नोकरीच्या धबडग्यात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. ‘अगं, किल्ल्या कुठे आहेत?’ ‘अहो, खिळ्याला. आणखी कुठे असणार?’ संसार चालला.

मग चारुदत्तरावांच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात लुळा पडला, तो थोडाफार परत आला. नावं मात्र गेली. बँकेत अधिकारी म्हणून राहिलेला माणूस, पण कपाला कप म्हणता येईना. ‘ते आण ना, ते… ज्यात ओततात… मी पितो.’ आणणं, ओतणं, पिणं सगळं जागेवर, मधल्या वस्तू नाहीशा. एक ‘अगं’ तेवढं शाबूत होतं. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तोंडातून पहिलं तेच बाहेर पडलं होतं.

बोलायला शिकवणारी मौशुमी सॉल्ट लेकहून यायची. पंचविशीची, हसरी. तिने पहिल्याच दिवशी ताईंकडे बोट करून विचारलं, “मेशोमोशाई, इनि के?” म्हणजे, काका, या कोण?

“अगं,” चारुदत्तराव ठामपणे म्हणाले.

“अगं माने की, माशीमा?”

ताई ओशाळल्या. “काही नाही गं. मला तशी हाक मारतात.”

“ओ! आमादेर ओगो!” मौशुमी टाळी वाजवून हसली. तिची आजीही आजोबांना तशीच हाक मारायची म्हणे. “तबे तो खूब भालो! एटा राखबेन, माशीमा.” हे जपा, असं ती सांगत होती. ताईंनी मान डोलावली आणि ऐकलं नाही. शिकवणं काय असतं हे त्यांना या पोरीने सांगायचं?

पदर खोचून त्या कामाला लागल्या. घरात मराठी बोलता, तर मराठीतच शिकवा, असंही मौशुमी म्हणाली होती. पण ताईंकडे शाळेतली चित्रांची कार्डं होती, ती इंग्रजी. आणि हातखंडा होता तोही इंग्रजीत. कप, चेअर, की, लॅम्प. वस्तू हातात द्यायची, कार्ड समोर धरायचं, नाव घेईपर्यंत सोडायचं नाही. आणि खरोखर नावं यायला लागली. ‘कप दे,’ म्हणाले त्या दिवशी ताई न्हाणीघरात जाऊन रडून आल्या.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण एका सकाळी दार उघडं राहिलं आणि चारुदत्तराव बाहेर पडले. मेट्रो स्टेशनापाशी रिक्षावाल्यांनी घेरून विचारलं, घरी कोण आहे, कोणाला बोलवू? हे आपले एकच: ‘अगं.’ लोक हसले. ताईंची जुनी विद्यार्थिनी भाजी घेत होती म्हणून ओळख पटली. तिने हात धरून घरी आणलं आणि जाता जाता म्हणाली, “मिस, काकांना… आय मीन, सरांना तुमचं नाव येत नाही?”

ते वाक्य ताईंना लागलं. त्यात काळजी होती, आणि खरं सांगायचं तर हौसही होती. इतक्या वर्षांत न ऐकलेलं आपलं नाव एकदा त्या तोंडून ऐकावं असं कोणत्या बाईला वाटणार नाही?

दुसऱ्या दिवसापासून ‘अगं’ला उत्तर बंद.

“अगं!”

ताई पेपर वाचत राहिल्या.

“अगं… अगं!”

“राँग. अगं नावाचं इथे कोणी राहत नाही. मी कोण? श…?”

चारुदत्तराव टेबलावर मूठ आपटत. डोळ्यांत पाणी येई. तहान लागलेली असे, उठायचं असे. पण ताई जागच्या हलत नसत. त्यांची मुलगी नूपुर न्यू टाउनला नोकरीला होती, ती रविवारी आली आणि हे पाहून चिडली.

“आई, पाणी मागतायत ते! बाबा तुझ्या वर्गात नाहीत.”

“तू मध्ये पडू नकोस. आज दया केली की शिकणं संपलं.”

“असं कुठे लिहिलंय?”

“माझी अख्खी नोकरी त्यावर झाली.”

आणि एका दुपारी ते झालं. ताईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि चारुदत्तराव हळूच, चढण चढल्यासारखे म्हणाले, “श…कुन.” ताईंनी नूपुरला फोन केला. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, संदेश आणवला. स्वतःच्या हाताने त्यांना भरवला. पुन्हा म्हणा, म्हणाल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं. अगदी स्वच्छ उच्चार.

त्यानंतर विचारलं की नाव येई. फोटो दाखवला की येई. मौशुमीलाही ताईंनी मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. ती हसली नाही. “आर डाकेन?” तिने विचारलं. म्हणजे, आणि हाक मारतात का?

ताईंना प्रश्नच कळला नाही. चार दिवसांनी कळला. दुपारची वेळ. ताई स्वयंपाकघरात मोच्याची भाजी निवडत बसल्या होत्या. केळफूलच ते, वेळ खाणारं. घर शांत, म्हणून त्या निवांत. बाहेर आल्या तर चारुदत्तराव खुर्चीत तसेच. उन्हाची तिरीप सरकत येऊन थेट डोळ्यांवर पडलेली, ओठ कोरडे, लेंगा ओला, खाली लादीवर थारोळं. किती वेळ बसले होते कोण जाणे. हूं का चूं केलं नव्हतं.

“अहो! मला हाक नाही का मारायची?”

त्यांनी मान वर केली. प्रश्न आला आहे आणि उत्तर द्यायचं आहे, एवढं त्यांना समजलं. तोंडावर परीक्षेचा भाव आला. “कप,” ते म्हणाले. “चेअर. लॅम्प. शकुन.” आणि बरोबर आलं का, म्हणून बघत राहिले.

ताई खाली बसल्या, त्या ओल्यातच. त्यांचा हात हातात घेतला. “ते नको आता. अगं म्हणा. पूर्वी म्हणायचात ना? अगं. म्हणा, मी लगेच येते. धावत येते.”

चारुदत्तरावांनी हात सोडवून घेतला. मान हलवली. त्यांना फसायचं नव्हतं. हा धडा ते फार कष्टाने शिकले होते.

“राँग,” ते म्हणाले.

ताईंनी पुष्कळ उपाय केले. मौशुमीने केले. हाताशी घंटी ठेवून पाहिली, ते तिच्याकडे नुसते बघत. नूपुर एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर सोसलं असतं.

आता ताई स्वयंपाकघरात बसत नाहीत. विळी, ताट, भाजी सगळं बाहेरच्या खोलीत आणतात आणि त्यांच्या खुर्चीसमोर पाट मांडतात. चिरताना खाली कमी, त्यांच्या तोंडाकडे जास्त बघतात. ओठ जरा हलले की उठतात, पाणी देतात, ऊन आलं की पडदा ओढतात. बोटं दोनदा कापली आहेत. चारुदत्तराव पाणी पितात, पेला परत देतात आणि त्यांच्याकडे पाहून नम्रपणे नाव घेतात.