कार सीट दुकानातच राहिली

मैत्रिणींनो, आज दुपारी आदिलाबादच्या एका दुकानात बाबागाडी आणि कार सीट घ्यायला गेले होते. मला आठवा महिना आहे. सोबत नवरा आणि सासूबाई.

बाळंतपण माहेरी, उटनूरला. तिथून जंगलातल्या वळणांच्या रस्त्यानं बाळाला कारनं आणायचं आहे. म्हणून बाबागाडी नसली तरी चालेल, पण सीट मला हवीच होती.

दुकानदारानं पट्टे लावून दाखवले. मी सीटवर हात ठेवून "हीच द्या" म्हणाले, तसा सासूबाईंनी माझा हात धरला.

"आत्ता नको घेऊ, बाई. या पोराच्या आधी मले एक पोरगी झालती. मी पाळणा अगोदरच आणून ठेवला होता. पोरगी घरी आलीच नाही."

नवऱ्यानंही हे पहिल्यांदाच ऐकलं. सीट घ्यावी तर सासूबाईंचा जीव टांगणीला, न घ्यावी तर माझा.

शेवटी मीच दुकानदाराला म्हटलं, "बाळ झालं की हे येऊन नेतील."

सासूबाईंची समजूत पटली. पण घरी आल्यापासून मलाच वाटतंय, मी त्या सीटला हात लावायला नको होता.

दुसऱ्याची भीती अशी आपल्यात शिरली, तर तुम्ही काय करता?